सेव्हर्न नदीच्या काठाने : बिडाचे पूल, बाबा आणि एक लाँग वीकेंड

बाबा भुसावळला रेल्वेच्या ब्रिज डिपार्टमेंटमधून रिटायर झाले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण माणूस पुलावरून जाताना गप्प बसला असं आम्ही कधी पाहिलेलं नाही. या वेळी ते उन्हाळ्याआधीच बर्मिंगहॅमला आमच्याकडे आले आणि मे महिन्याच्या सुरुवातीचा बँक हॉलिडे लागून आला होता. नवरा म्हणाला लेक डिस्ट्रिक्टला जाऊ, बाबा म्हणाले तलाव काय, हतनूर धरण पाहिलंय आम्ही, तुमच्याकडे तो बिडाचा पूल आहे ना तो दाखव. झालं, ठरलं. फक्त आयर्नब्रिज गावातल्या त्या एका फेमस ओतीव लोखंडाच्या पुलावर सगळा वीकेंड घालवायला नको म्हणून मी सेव्हर्न नदीच्या काठाने खालून वर जायचं ठरवलं, म्हणजे ब्यूडलीपासून आयर्नब्रिज, कोलपोर्टपर्यंत. वाटेत व्हिक्टोरिया राणीच्या काळातले दोन पूल लागतात ज्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. आमची खरी ट्रिप त्या दोन पुलांचीच झाली.

शुक्रवार संध्याकाळ, ब्यूडली

ऑफिस सुटल्यावर निघालो, तासाभरात पोचलो. ब्यूडली छोटंसं गाव आहे, नदीकाठी जॉर्जियन घरांची रांग, बदकं, चिप्सचा वास. इथला पूल बिडाचा नाहीये, दगडी आहे, तीन कमानींचा, थॉमस टेलफर्डने १७९८ साली बांधलेला. पण गोष्ट इथूनच सुरू करावी लागते, कारण आधीचा पूल १७९५ च्या पुरात गेला. त्या फेब्रुवारीत सेव्हर्नला असा पूर आला की काठावरचे एकामागून एक पूल गेले नाहीतर खिळखिळे झाले, आणि वर आयर्नब्रिजच्या घळईत उभा असलेला सोळा वर्षांचा लोखंडी पूल मात्र जसाच्या तसा राहिला. कमान पोकळ, पाणी आरपार निघून गेलं. त्याआधी लोक त्या लोखंडी पुलाला नवलाई म्हणून बघायला यायचे, पुरानंतर इंजिनियर लोक त्याच्याकडे सिरियसली बघायला लागले. टेलफर्ड तर लगेच लागलाच कामाला, ते पुढे येईलच.

बाबांनी टेलफर्डच्या कमानीखाली उभं राहून "दगड चांगला बसवलाय" एवढंच सर्टिफिकेट दिलं आणि थंडी वाजते म्हणून जेवायला चला म्हणाले. जेवायला पबमध्ये. शाकाहारी माणसासाठी इंग्लंडच्या खेड्यात हमखास मिळणारी गोष्ट म्हणजे जॅकेट पोटॅटो, सालासकट भाजलेला बटाटा, वर बीन्स आणि चीज. बाबांनी खिशातून ठेच्याची डबी काढली आणि बटाट्याला मधोमध फोडून त्यात दोन चमचे ठेचा घातला. शेजारच्या टेबलवरचे आजोबा बघत होते, त्यांना चव हवी होती, बाबांनी दिली, आजोबांचा चेहरा लाल झाला पण त्यांनी परत मागितला. पुढचे सगळे दिवस आम्ही जवळपास हेच जेवलो.

टिप : राहायला ब्यूडली किंवा किडरमिन्स्टर दोन्ही चालतं, पण ब्यूडलीला संध्याकाळ जास्त छान जाते. नदीकाठच्या रूम महाग असतात, एक गल्ली मागे गेलात तर बराच फरक पडतो.

शनिवार, वाफेची गाडी आणि व्हिक्टोरिया ब्रिज

सकाळी कोवळं ऊन, हवा गार. सेव्हर्न व्हॅली रेल्वे ही हौशी लोकांनी जिवंत ठेवलेली लाईन आहे, किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ, साधारण १६ मैल. ब्रिटिश रेल्वेने १९६३ मध्ये इथली पॅसेंजर वाहतूक बंद केली, लोकांनी १९६५ ला सोसायटी काढली आणि १९७० पासून टप्प्याटप्प्याने गाड्या परत सुरू केल्या. तिकीट देणारे, गार्ड, पॉइंट्समन बहुतेक सगळे व्हॉलंटियर. बाबा प्लॅटफॉर्मवर चढले आणि तिथून पुढे ते माझे बाबा राहिलेच नाहीत, ते रेल्वेचे झाले.

आता एक महत्त्वाची गोष्ट. लोक गाडीत बसतात, गाडी पुलावरून जाते, सगळे खिडकीतून नदीचे फोटो काढतात आणि म्हणतात आम्ही व्हिक्टोरिया ब्रिज पाहिला. अहो पुलावर बसून पूल कसा दिसेल! पूल बघायचा असेल तर ब्यूडलीहून गाडी पुलावरून गेली की लगेच पुढचं स्टेशन लागतं आर्ली, तिथे उतरायचं आणि नदीकाठच्या पायवाटेने मागे चालत यायचं. जेमतेम पाऊण-एक किलोमीटर आहे, पण चिखल असतो, बूट घाला. पुलावर पायी जाता येत नाही, ती रेल्वेची लाईन आहे, कुणी गेलंय असं ऐकलं तरी जाऊ नका.

पण आर्लीलाच आमचा अर्धा तास गेला. तिथल्या सिग्नल केबिनबाहेर एक साधारण बाबांच्याच वयाचे गृहस्थ उभे होते, ड्रायव्हरकडून टोकन घेत होते. सिंगल लाईन आहे, त्यामुळे ज्या गाडीकडे टोकन तीच गाडी पुढच्या सेक्शनमध्ये जाणार, दुसरं टोकन मशीनमधून निघतच नाही. इथे ते टोकन म्हणजे मोठी किल्ली असते. बाबांनी त्यांना हाताने गोल करून दाखवलं, "अवर साइड, बॉल! नील्स बॉल टोकन!" आपल्याकडे सिंगल लाईनवर पोलादी गोळा असायचा ना, चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या रिंगला अडकवून द्यायचे, धावत्या गाडीतून फायरमन हात घालून उचलायचा. त्या गृहस्थांना हे माहीत होतं! मग काय, दोघं सुटले. मी दुभाषी म्हणून उभी होते पण माझी गरजच पडली नाही, बाबांचं इंग्लिश आणि त्यांचं ब्लॅक कंट्रीचं (बर्मिंगहॅमजवळचा एक भाग) इंग्लिश यातलं निम्मं एकमेकांना कळत नसणार तरी दोघं मान डोलावत होते. निघताना त्यांनी पुढची गाडी पुलावर किती वाजता असेल ते घड्याळ बघून सांगितलं, हा सल्ला सोन्यासारखा निघाला. तुम्हीही जाल तेव्हा तिथल्या माणसाला विचारा, आवर्जून सांगतात.

पायवाटेवर लसणाचा वास येत होता. रानलसूण, मे महिन्यात इथे नदीकाठी सगळीकडे उगवतो, पांढरी फुलं येतात. बाबांनी एक पान तोडून चावलं आणि "चटणी होईल" म्हणाले. नवऱ्याने जावई म्हणून मान हलवली आणि हळूच मला म्हणाला त्यांना आवर, कुत्र्यांची फिरायची वाट आहे ही.

आणि मग वळण घेतलं की झाडांतून तो दिसतो. एकच कमान, या काठापासून त्या काठापर्यंत, २०० फूट म्हणजे ६१ मीटर, मध्ये खांब नाही काही नाही. शेजारी शेजारी चार बिडाच्या कमानी, त्यांच्यावर उभे पातळ खांब, त्यावर रूळ. अगदी बारीक दिसतो, इतका की यावरून इंजिन जातं हे पटत नाही. मधोमध लोखंडातच अक्षरं ओतलेली आहेत, व्हिक्टोरिया ब्रिज, सन १८६१, आणि सोबत इंजिनियर जॉन फाउलर, कॉन्ट्रॅक्टर ब्रासी आणि कंपनी, ओतकाम आणि उभारणी कोलब्रुकडेल कंपनी. बाबांना हे फार आवडलं. "नाव ओतून ठेवलंय, उद्या काही झालं तर म्हणायला नको की आमचा संबंध नव्हता."

दुर्बीण आणली होती पक्षी बघायला, ती बाबांनी ताब्यात घेतली आणि पुलाचं इन्स्पेक्शन सुरू केलं. त्यांच्याकडून जे ऐकलं ते इथे लिहिते, कारण कुठल्या बोर्डवर इतकं सोपं करून लिहिलेलं नाही.

बीड म्हणजे ओतीव लोखंड, यात कार्बन जास्त असतो. दाबलं तर प्रचंड ताकद, पण ओढलं किंवा वाकवलं तर वाकत नाही, सरळ तुटतं. घरातला बिडाचा तवा हातातून पडला तर त्याला पोचा येत नाही, त्याचे दोन तुकडे होतात, तेच. त्यामुळे बिडाचा पूल कमानीचा करायचा, म्हणजे वरचं सगळं वजन कमानीतून दाबत दाबत दोन्ही काठांच्या दगडी बांधकामात जातं, कुठलाच तुकडा ओढला जात नाही. आता रेल्वे आली तेव्हा लोकांना कमान नको होती, कमानीला उंची लागते, त्यांना सरळ तुळई हवी होती. म्हणून बिडाच्या सरळ तुळया टाकायला लागले. तुळई वाकली की तिची खालची बाजू ओढली जाते, आणि तिथेच बीड दगा देतं. १८४७ च्या मे महिन्यात चेस्टरजवळ डी नदीवरचा असा पूल गाडीखाली तुटला, पाच माणसं गेली. पूल कुणाचा, तर रॉबर्ट स्टीफन्सनचा, म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा रेल्वे इंजिनियर! त्यावर रॉयल कमिशन बसलं आणि बिडाचं नाव खराब झालं ते झालंच.

या सगळ्यानंतर १४ वर्षांनी फाउलर इथे परत बीड वापरतो, तेही रेल्वेसाठी, २०० फूट. मला हे धाडस वाटलं, बाबांना नाही वाटलं. "धाडस कसलं? त्याला माहीत होतं बीड कुठं चालतं. सरळ टाकलं असतं तर वेडा म्हटलं असतं." आणि मग त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मी कधीच पाहिली नसती. कमानीचे तुकडे बोल्टने जोडलेत, रिव्हेट नाहीत. बाबांची सगळी नोकरी रिव्हेट ठोकून बघण्यात गेली, एका बाजूला बोट ठेवायचं, दुसऱ्या बाजूने छोट्या हातोडीचा टोला, बोटाला हादरा जाणवला की रिव्हेट ढिला. बिडावर तसे तापवलेले रिव्हेट घणाने ठोकायचे म्हणजे बीडच तडकायची भीती, म्हणून बोल्ट.

वरचा डेक मूळचा नाही बरं का, लाकूड आणि घडीव लोखंडाचा होता तो १९८० च्या सुमारास काढून स्टीलचा केला. पण कमानी त्याच, १८६१ च्या.

सांगितलेल्या वेळेला गाडी आली. आधी रूळ वाजले, मग जंगलातून धूर, मग इंजिन. खालून बघताना वाटलं होतं पूल हलेल, थरथरेल. काही नाही! आवाज मोठा, पूल ढिम्म. बाबा डोळे मिटून उभे होते, आवाज ऐकत होते. गाडी गेल्यावर म्हणाले "बोल्ट टाइट आहेत." एक बाई कुत्रं घेऊन चालल्या होत्या त्या थांबून म्हणाल्या की मी रोज इथून जाते पण पुलाकडे इतका वेळ बघणारे तुम्हीच. बाबांना मी हे मराठीत सांगितलं तर त्यांना त्या बाईंची दया आली.

परत आर्लीला येऊन चहा आणि केक खाल्ला. बसल्या बसल्या मी फोनवर फाउलरचं बघत होते. हाच माणूस त्याच सुमारास लंडनमध्ये जगातली पहिली अंडरग्राउंड, मेट्रोपॉलिटन रेल्वे बांधत होता, ती जानेवारी १८६३ ला सुरू झाली. आणि पुढे १८९० ला स्कॉटलंडमधला तो अवाढव्य फोर्थ ब्रिज, बेंजामिन बेकरबरोबर, तो पूर्ण पोलादाचा. म्हणजे एका माणसाच्या नोकरीत बीड संपून पोलाद आलं. बाबांनी आपल्याकडचं सांगितलं की त्याच वर्षांत इकडे भोर घाट फोडत होते, १८६३ च्या एप्रिलला तो सुरू झाला, "तिकडे किती माणसं मेली त्याचा बोर्ड लाव म्हणावं कुठंतरी." मी काही बोलले नाही, खरंच आहे ते.

रविवार, ब्रिजनॉर्थ आणि संध्याकाळी आयर्नब्रिज

सकाळपासून पाऊस. ब्रिजनॉर्थबद्दल फार लिहीत नाही, गाव दोन मजली आहे, खालचं गाव नदीकाठी आणि वरचं कड्यावर, मध्ये १८९२ ची क्लिफ रेल्वे. आधी पाण्याच्या टाक्यांच्या वजनावर डबे वर-खाली व्हायचे, १९४४ पासून विजेवर. किल्ल्याचा एक बुरूज उरलाय तो पंधरा अंशांनी कललेला, पिसापेक्षा जास्त, आणि त्याच्या खाली लोक बिनधास्त सँडविच खात बसतात. बाबा लांबूनच म्हणाले मी नाही येत तिथे. पार्किंगच्या मशीनने कार्ड घेतलं नाही, कॉइन घेतलं नाही, ॲपला रेंज नाही, या सगळ्यात पाऊण तास गेला. सुट्टे पैसे जवळ ठेवाच आणि ॲप घरूनच डाउनलोड करून जा.

दुपारी आयर्नब्रिजला पोचलो तोवर पाऊस थांबला आणि ऊन पडलं, आणि ओल्या झाडीत तो पूल गडद लालसर तपकिरी दिसत होता. जुन्या फोटोंमध्ये तो करडा असायचा. इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने २०१८ ला मोठी दुरुस्ती केली, ३६ लाख पौंडांची, तेव्हा जुन्या रंगाचे थर तपासून मूळचा हाच रंग असल्याचं कळलं आणि परत तोच दिला.

हा काही व्हिक्टोरियाच्या काळातला नव्हे, तिच्या जन्माच्याही चाळीस वर्षं आधीचा, १७७९ ला उभा राहिला आणि १ जानेवारी १७८१ ला सुरू झाला. डिझाइन थॉमस प्रिचर्डचं, तो बिचारा काम सुरू झालं त्या वर्षीच, १७७७ ला गेला. ओतलं कोलब्रुकडेलचा लोखंड कारखानदार तिसऱ्या अब्राहम डार्बीने, आणि खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट होऊन तो आयुष्यभर कर्जात राहिला. कमान १०० फूट, म्हणजे कालच्या पुलाच्या बरोबर निम्मी, आणि लोखंड मात्र ३७८ टन! जवळपास १७०० तुकडे. ते जोडलेत कसे तर सुतार जोडतात तसे, खाच पाडायची, त्यात दुसऱ्या तुकड्याची जीभ घालायची, वरून पाचर ठोकायची. लोखंडाचा इतका मोठा पूल आधी कुणी केलेलाच नव्हता तर जोडणार तरी कसा, जे येतंय तेच केलं. उभारणी कशी केली हेही बरीच वर्षं कोडंच होतं, मग १९९७ ला स्टॉकहोममध्ये एलियास मार्टिन या चित्रकाराचं एक जलरंगाचं चित्र सापडलं, त्यात पूल अर्धवट उभा आणि नदीतल्या लाकडी परांचीवरून तुकडे उचलताना दिसतात.

बाबांचं मत : "लोखंड फार वापरलंय." नवरा म्हणाला बाबा, पहिला पूल आहे तो, जगातला. "म्हणूनच." आणि गंमत म्हणजे टेलफर्डचंही हेच मत असणार. १७९५ च्या पुरात जवळचाच बिल्डवॉसचा पूल गेला, त्या जागी त्याने पुढच्याच वर्षी बिडाचा पूल केला, १३० फुटांचा, आणि फक्त १७३ टनांत! तो आता नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढला.

मी मात्र इथे बाबांशी सहमत नाही. कालचा पूल शहाण्या माणसाचा आहे, त्यात एक तुकडा जास्त नाही. पण या पुलावर उभं राहिलं की कळतं की या लोकांना पुढचं काहीच माहीत नव्हतं, त्यांनी भीतीपोटी जास्तीचं लोखंड घातलं, मोकळ्या जागेत लोखंडाची वर्तुळं बसवली, टोकदार नक्षी केली, सगळं एकदम. मला ते आवडतं. फक्त गर्दी फार. सेल्फी स्टिक चुकवत चालावं लागतं.

पुलाच्या टोकाला टोल हाऊस आहे, तिथला दरपत्रकाचा बोर्ड वाचाच. शेवटी लिहिलंय की पूल खाजगी मालकीचा आहे, त्यामुळे सैनिक असो, ड्युटीवर असो नसो, टपालाची गाडी असो की राजघराणं, सगळ्यांनी टोल भरायचा. बाबा इतके हसले, म्हणाले हा बोर्ड आपल्या टोलनाक्यावर लावायला पाहिजे, व्हीआयपी लेन बंद. गाड्यांसाठी पूल १९३४ ला बंद झाला, माणसांकडून टोल मात्र १९५० पर्यंत घेत होते.

अजून एक. ही घळई आत सरकतेय, दोन्ही बाजूंचे डोंगर नदीकडे ढकलले जातायत आणि मध्ये हा पूल दाबला जातोय. म्हणून १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी दोन्ही काठांच्या मध्ये काँक्रीटचा आडवा टेका घातला. खाली जॅकफिल्डला १९५२ मध्ये अख्खी वस्ती सरकून गेली होती. नदी कमी त्रास देत नाही, फेब्रुवारी २०२० च्या पुरात इथल्या रस्त्यावर उभी केलेली पूर अडवायची भिंतच पाण्याने मागे सरकवली. हॉटेल बुक करताना नदीला लागून असेल तर हिवाळ्यात जरा विचार करा.

सोमवार, अल्बर्ट एडवर्ड, म्युझियम, कोलपोर्ट

बँक हॉलिडेची सकाळ, गाव झोपलेलं. आम्ही डेल एंड पार्कला गाडी लावून नदीच्या वरच्या अंगाला चालत निघालो. इथे कोलब्रुकडेल कंपनीचं १८३४ चं एक गोदाम आहे, माल ठेवायची जागा पण दिसायला चर्च. पुढे दहा-पंधरा मिनिटांवर अल्बर्ट एडवर्ड ब्रिज.

हा व्हिक्टोरिया ब्रिजचा धाकटा भाऊ, खरं तर मुलगा म्हणायला हवं, कारण नाव राणीच्या मुलाचं आहे, जो पुढे सातवा एडवर्ड झाला. १८६४, तोच फाउलर, तीच कोलब्रुकडेल कंपनी, तीच २०० फूट कमान. बीड वापरून बांधलेल्या मोठ्या रेल्वे पुलांमधला हा अगदी शेवटच्या काहींपैकी, यानंतर घडीव लोखंड आणि मग पोलादच आलं. यावरून २०१५ पर्यंत कोळशाच्या मालगाड्या जात होत्या, पलीकडच्या पॉवर स्टेशनला. म्हणजे घोडागाड्यांच्या काळात ओतलेल्या कमानी दीडशे वर्षं कोळसा वाहत होत्या! पॉवर स्टेशन बंद पडलं, त्याचे चार कूलिंग टॉवर डिसेंबर २०१९ ला पाडले. इथल्या मातीशी जुळावेत म्हणून त्यांच्या काँक्रीटमध्ये लालसर रंग घातला होता म्हणे.

तिथे आमच्याशिवाय कुणीही नव्हतं. बोर्डही धड नाही. खाली मैलभरावर लोक एका पुलासमोर फोटोसाठी रांग लावतात आणि इथे त्याच कंपनीचा दुप्पट लांबीचा पूल झाडीत एकटा. बाबा म्हणाले कामाच्या पुलाला कोण बघतं, बंद पडला की बघतात. आता हाही जवळपास बंदच आहे म्हटलं तर म्हणाले मग येतील हळूहळू.

तिथून कोलब्रुकडेलचं लोखंडाचं म्युझियम. काचेच्या त्रिकोणी छपराखाली ती जुनी भट्टी जपून ठेवलीय जिथे १७०९ ला पहिल्या अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवलं. हे जमलं म्हणून बीड स्वस्त झालं, आणि स्वस्त झालं म्हणून पूल. आत कंपनीचं पुढच्या काळातलं नक्षीकाम आहे, बाकं, कारंजी, आणि शिकारी कुत्र्यांच्या आधारावर उभं असलेलं एक टेबल, ते बघून मला हसूच आलं, अख्खं बिडाचं. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये जे मोठे दरवाजे आहेत तेही याच कंपनीने १८५१ च्या ग्रेट एक्झिबिशनसाठी ओतले होते. बाबा मात्र वाळूचे साचे कसे करतात त्या भागात अडकले. लाकडाचा पॅटर्न, ओली वाळू, दोन पेट्या, वरून रस. कोल्हापूरच्या फाउंड्रीत आजही असंच चालतं, त्यांनी एकदा ब्रेक ब्लॉक बघायला जाऊन पाहिलं होतं.

इथेच मला वॉटसन हॉटेल आठवलं. काळा घोड्याजवळची ती एस्प्लनेड मॅन्शन, आता मोडकळीला आलेली, तिचा अख्खा बिडाचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमधून जहाजाने मुंबईला आला. त्याचा इंजिनियर रोलंड मेसन ऑर्डिश, लंडनचा अल्बर्ट ब्रिजही त्याचाच, १८७३ चा. आणि ७ जुलै १८९६ ला भारतात पहिल्यांदा सिनेमा दाखवला तो याच वॉटसनमध्ये. म्हणजे बीड बघायला आपल्याला इतक्या लांब यायची गरजच नाही, फोर्टात चालत जाऊन बघता येतं, फक्त वर बघत चला आणि गॅलरीखाली उभे राहू नका.

जेवणाबद्दल सावध करते. ब्लिस्ट्स हिल नावाचं जे जुन्या काळाचं गाव उभारलंय तिथे फिश अँड चिप्सचं दुकान फेमस आहे, पण चिप्ससुद्धा बीफच्या चरबीत तळतात, जुन्या पद्धतीने. शाकाहारी माणसाने नुसते चिप्स तरी खाऊ म्हणून तिथे जाऊ नये. एरवी ते गाव मुलांना घेऊन जायला मस्त आहे, बँकेत पैसे देऊन जुनी नाणी मिळतात आणि ती दुकानांत चालतात, पण त्याला अख्खा दिवस हवा, आमच्याकडे नव्हता. म्युझियम्सचं एकत्र तिकीट आणि वेळा वेबसाइटवर बघून जा, सगळी एकाच दिवशी उघडी नसतात.

शेवटी कोलपोर्ट. इथला पूल छोटा, बिडाचाच, मधल्या पट्टीवर १८१८ साल ओतलेलं. आधी १७८० ला लाकडी होता, मग काही बिडाच्या कमानी घातल्या, मग १८१८ ला अजून घालून पुरा बिडाचा केला, म्हणजे जुगाडच तसा. पण याच्यावरून आजही गाड्या जातात! वजनाची मर्यादा ३ टन आहे आणि एका वेळी एकच गाडी मावते. नवरा पलीकडे पार्किंग शोधायला गाडी घेऊन गेला, तर बाबा खाली उतरून कमानीखाली जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले जावईबापूंना फोन लाव, परत यायला सांग, मला चालू गाडीखाली ऐकायचंय. तो परत आला. मग म्हणाले अजून एकदा, हळू. तिसऱ्यांदा समोरून व्हॅन आली आणि त्या व्हॅनवाल्याने काच खाली करून विचारलं, रस्ता चुकलात का?